मेरी कार्पेंटर : मुलांसाठी मागितलेला कायदा

बालन्याय मंडळ, निरीक्षणगृह, बालगृह हे शब्द आज वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहेत. अल्पवयीन मुलाच्या हातून अपराध घडला तरी त्याला मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात डांबू नये, त्याला सुधारण्याची संधी द्यावी, ही गोष्ट आपण आता गृहीतच धरतो. परंतु ही कल्पना आभाळातून पडलेली नाही. तिच्यासाठी कोणीतरी भांडावे लागले, पुस्तके लिहावी लागली, पार्लमेंटच्या समितीपुढे उभे राहून साक्ष द्यावी लागली. हे ज्यांनी केले त्यांत इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या एका अविवाहित शिक्षिकेचे नाव फार वरचे आहे. त्या शिक्षिका म्हणजे मेरी कार्पेंटर.

हिंदुस्थानात त्या चार वेळा येऊन गेल्या. त्यामुळे आपल्याकडे त्यांची आठवण काढली जाते ती बहुधा स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात. त्यांचे खरे जीवितकार्य मात्र गल्लीबोळांतून भटकणाऱ्या, चोऱ्यामाऱ्या करणाऱ्या, कोणालाच नकोशा झालेल्या मुलामुलींसाठी होते. या कार्यातूनच एक प्रश्न उभा राहिला आणि तो आजही सुटलेला नाही. मुलाचे हित साधायचे म्हणून त्याचे स्वातंत्र्य काढून घेण्याचा अधिकार न्यायालयाला असावा काय? आणि असावा, तर तो कुठवर? मेरीबाईंचे चरित्र या प्रश्नासाठी मुद्दाम वाचण्यासारखे आहे.

मेरीचा जन्म ३ एप्रिल १८०७ रोजी एक्झिटर या गावी झाला. वडील लँट कार्पेंटर हे ख्रिस्ती धर्मातील एकेश्वरवादी, म्हणजे युनिटेरियन, पंथाचे धर्मोपदेशक होते. १८१७ साली हे कुटुंब ब्रिस्टलला आले. लँट कार्पेंटर स्वतः मुलांची शाळा चालवीत. त्या काळी मुलींना शिवणटिपण, थोडे संगीत आणि थोडे फ्रेंच शिकवले की झाले, अशी समजूत होती. मेरी मात्र वडिलांच्या शाळेतील मुलांच्या बरोबरीने लॅटिन, ग्रीक, गणित आणि शास्त्रे शिकली. तिचा भाऊ विल्यम पुढे नामांकित शरीरशास्त्रज्ञ झाला. मेरीला विद्यापीठाची दारे बंद होती. तिने काही काळ श्रीमंत घरांत मुलांना शिकवण्याची नोकरी केली आणि १८२९ साली आई व बहिणींसह ब्रिस्टलमध्ये मुलींची शाळा काढली. १८३१ पासून तिच्याकडे रविवारच्या शाळेची देखरेख आली. या शाळेतील मुलांच्या घरी जाऊ लागल्यावर दारिद्र्य म्हणजे काय, ते तिने पहिल्यांदा जवळून पाहिले.

१८३३ हे वर्ष तिच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी दोन पाहुणे ब्रिस्टलला आले. एक होते आपले राजा राममोहन रॉय. त्यांच्या एकेश्वरवादामुळे कार्पेंटर घराण्याला त्यांच्याविषयी मोठा आदर होता. ब्रिस्टलजवळ स्टेपलटन येथे ते मुक्कामाला असतानाच आजारी पडले आणि २७ सप्टेंबर १८३३ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. सव्वीस वर्षांच्या मेरीच्या मनावर या भेटीचा आणि या मृत्यूचा खोल ठसा उमटला. हिंदुस्थानविषयीची तिची ओढ तेव्हापासूनची.

दुसरे पाहुणे होते अमेरिकेतील बोस्टन शहरी गरिबांत काम करणारे डॉ. जोसेफ टकरमन. त्यांच्याविषयीची एक हकिगत प्रसिद्ध आहे. मेरी त्यांना शहर दाखवीत असता एका बोळातून फाटक्या कपड्यांतले एक पोर धावत आले आणि पाहता पाहता दिसेनासे झाले. त्या पोराच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत कोणीतरी गेले पाहिजे, असे टकरमन सहज बोलून गेले. मेरीने ते मनात जपून ठेवले. पुढचे सारे आयुष्य तिने त्या पोराच्या मागोमाग जाण्यातच घालवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१८४० साली इटलीच्या किनाऱ्याजवळ बोटीवरून समुद्रात पडून लँट कार्पेंटर यांचा अंत झाला. या आघातातून सावरल्यावर मेरीबाईंनी स्वतःला सर्वस्वी कामाला वाहून घेतले. १८४६ साली त्यांनी ब्रिस्टलच्या ल्यूइन्स मीड या वस्तीत अगदी कंगाल मुलांसाठी शाळा काढली. इंग्लंडात अशा शाळांना रॅगेड स्कूल, म्हणजे चिंध्या पांघरलेल्यांची शाळा, म्हणत. येथे फी नव्हती, आणि पायांत जोडे असलेच पाहिजेत अशी अटही नव्हती. मुले अनवाणी, न धुतलेल्या अंगाने येत, वर्गात धिंगाणा घालीत, मनात आले की उठून जात. मेरीबाई चिकाटीने शिकवीत राहिल्या. हळूहळू एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. कालपर्यंत वर्गात असलेला मुलगा एकाएकी दिसेनासा होई. चौकशी केली की कळे, तो तुरुंगात आहे. सुटून आला की तो पूर्वीचा राहिलेला नसे. तुरुंगात त्याला गुरू भेटलेले असत, पण चोरीचे!

त्या काळचा इंग्लंडचा कायदा समजून घेतल्याशिवाय मेरीबाईंच्या कार्याचे मोल कळणार नाही. सात वर्षांखालील मूल गुन्हा करू शकत नाही, असे कायदा मानी. सात ते चौदा या वयात त्याला बरेवाईट कळत होते हे सिद्ध झाले, तर शिक्षा मोठ्या माणसासारखीच होई. मुले साध्या तुरुंगात जात, फटके खात, जहाजात बसून ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर जात. १८३८ साली सरकारने वाइट बेटावर पार्कहर्स्ट येथे मुलांसाठी वेगळा तुरुंग काढला. तेथेही आरंभी मुलांच्या पायांत बेड्या असत. वेगळे घर, पण तुरुंग तो तुरुंगच, अशी त्याच्यावर मेरीबाईंची टीका होती.

दुसऱ्या बाजूला इंग्लंडात एक निराळे न्यायालय होते. त्याचे नाव चॅन्सरी. राजा हा सर्व असाहाय्य प्रजेचा पालक आहे, या जुन्या तत्त्वावर हे न्यायालय अल्पवयीन मुलांच्या हितासाठी कोणाच्याही घरात हस्तक्षेप करू शके. कवी शेली याची मुले त्याच्या ताब्यात द्यायला याच न्यायालयाने १८१७ साली नकार दिला होता. पण यात एक मेख होती. मुलाच्या नावावर मालमत्ता असल्याखेरीज न्यायालय हा अधिकार वापरीत नसे. मुलाच्या पालनपोषणासाठी पैसाच नसेल तर न्यायालय तरी काय करणार, असा त्यामागचा विचार. थोडक्यात, श्रीमंताच्या पोराला न्यायालय पालक म्हणून भेटे आणि गरिबाच्या पोराला न्यायाधीश म्हणून. एकाचे हित पाहिले जाई, दुसऱ्याचा अपराध.

हा भेद मेरीबाईंनी ओळखला. १८५१ साली त्यांचा सुधारशाळांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मुलांचे तीन वर्ग केले. पहिला वर्ग, ज्यांनी अजून अपराध केला नाही पण दारिद्र्यामुळे जी त्या वाटेला लागण्याची भीती आहे अशा मुलांचा. दुसरा, ज्यांचा उदरनिर्वाहच भीक आणि भुरट्या चोऱ्यांवर चालतो अशांचा. तिसरा, प्रत्यक्ष शिक्षा झालेल्यांचा. पहिल्यांना मोफत शाळा, दुसऱ्यांना पोटाला अन्न आणि हाताला काम देणारी उद्योगशाळा, आणि तिसऱ्यांना तुरुंगाऐवजी सुधारशाळा, अशी त्यांची योजना होती. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, त्याला घराची आणि मायेची गरज आहे, आणि आईबाप ती पुरवीत नसतील तर समाजाने पालकाच्या जागी उभे राहिले पाहिजे, हा त्या ग्रंथाचा गाभा. श्रीमंतांच्या मुलांपुरते राखलेले पालकत्वाचे तत्त्व त्यांनी गरिबांच्या गल्लीत आणले.

त्याच वर्षी डिसेंबरात बर्मिंगहॅम येथे या विषयावर परिषद भरली. तेथील न्यायाधीश मॅथ्यू डेव्हनपोर्ट हिल हे त्यांचे मोठे पाठीराखे होते. परिषद मुख्यतः मेरीबाईंच्या पुस्तकामुळे भरलेली, पण त्या स्वतः तेथे भाषण करायला उभ्या राहिल्या नाहीत. सभ्य स्त्रीने पुरुषांच्या सभेत बोलू नये, हा संकेत त्यांनीही तोवर मानला होता. पुढच्याच वर्षी, १८५२ साली, पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांना साक्षीला बोलावले आणि तेथे त्यांनी आपले म्हणणे निर्भयपणे मांडले. त्याच वर्षी ब्रिस्टलजवळ किंग्जवूड येथे त्यांनी सुधारशाळा सुरू केली. अजून कायदा झाला नव्हता. आधी करून दाखवावे, मग मागावे, अशी त्यांची रीत होती.

१८५४ साली कायदा झाला. सोळा वर्षांखालील अपराधी मुलाला दोन ते पाच वर्षांपर्यंत सुधारशाळेत पाठवण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. सुधारशाळा खाजगी संस्थांनी चालवाव्यात, सरकारने तपासणी करावी व पैसा द्यावा, आईबापांकडूनही ऐपतीप्रमाणे खर्च घ्यावा, अशी व्यवस्था ठरली. मेरीबाईंचा मोठाच विजय झाला. परंतु या विजयाला एक गालबोट लागले. सुधारशाळेत जाण्यापूर्वी मुलाने निदान चौदा दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत, असे कलम कायद्यात घातले गेले. अपराधाची शिक्षा वेगळी आणि सुधारणा वेगळी, आधी दंड भोगून झाला पाहिजे, असे मानणारे लोक पार्लमेंटमध्ये होते आणि सुधारशाळांच्या चालकांतही होते. मेरीबाईंनी या कलमाला शेवटपर्यंत विरोध केला. ज्या डागापासून मुलाला वाचवायचे, तोच डाग आधी लावून मग त्याला घरी घ्यायचे, यात त्यांना कोणतेच शहाणपण दिसेना. १८६६ साली चौदाचे दहा दिवस झाले. हे बंधन पूर्णपणे उठले ते १८९९ साली. तोवर मेरीबाई जाऊन बावीस वर्षे लोटली होती.

१८५४ च्या ऑक्टोबरात ब्रिस्टलमधील रेड लॉज या जुन्या वाड्यात मुलींची स्वतंत्र सुधारशाळा उघडली. कवी बायरन याच्या पत्नी लेडी बायरन यांनी हा वाडा या कामासाठी विकत घेतला होता. किंग्जवूडला मुले-मुली एकत्र होती आणि ते निभेना, म्हणून ही नवी सोय. येथल्या मुलींनी चोऱ्या केलेल्या, रस्त्यावर दिवस काढलेले, काहींनी त्याहून वाईट पाहिलेले. मुलीची जात एकदा वाया गेली की सुधारत नाही, असे तेव्हा भलेभले म्हणत. मेरीबाईंना ते मान्य नव्हते. त्या शेजारीच राहत, रोज येत, स्वतः शिकवीत, प्रत्येक मुलीची माहिती ठेवीत. वाचन-लेखन, स्वयंपाक, शिवण, धुणे या गोष्टी मुली शिकत आणि पुढे त्यांना घरकामाच्या नोकऱ्या मिळवून दिल्या जात. मुलाला स्वतःच्या मालकीचे काहीतरी असावे, त्याला थोडे खेळायला मिळावे, फटक्यांनी मन वळत नाही, हे त्यांचे आग्रह होते. १८५८ साली त्यांनी पाच वर्षांची एक मुलगी दत्तकही घेतली.

एवढे सगळे असूनही रेड लॉजच्या दाराला कुलूप होते, हे विसरून चालणार नाही. मुली पळून जात. दंगे होत. पळून गेलेल्या मुलीला पोलिसांकरवी परत आणता येई आणि कायद्याने तिला तुरुंगातही पाठवता येई. मेरीबाईंचे प्रेम खरे होते, पण ज्या मुलीला ते नको असेल तिलाही मुदत संपेपर्यंत ते सोसावे लागे! चोरीबद्दल एखाद्या मोठ्या बाईला काही आठवड्यांची कैद होई. तशाच चोरीबद्दल चौदा वर्षांच्या मुलीला चौदा दिवस तुरुंग आणि वर तीन, चार किंवा पाच वर्षे सुधारशाळा. शिक्षा नव्हे, हित, असे कायदा म्हणे. कुलपाच्या आत बसलेल्या मुलीला या दोहोंतला फरक कितपत जाणवत असेल?

यापुढचे पाऊल आणखी मोठे होते. १८५७ साली उद्योगशाळांचा कायदा झाला आणि १८६१ व १८६६ साली तो वाढवण्यात आला. आता मुलाने गुन्हा केलेला असण्याचीही गरज उरली नाही. चौदा वर्षांखालचे मूल भीक मागताना आढळले, त्याला घरदार वा पालक नसले, ते चोरांच्या संगतीत दिसले, किंवा ते आपल्याला आवरत नाही असे खुद्द बापाने येऊन सांगितले, तरी दंडाधिकारी त्याला उद्योगशाळेत पाठवू शके. १८६६ च्या कायद्याने सोळाव्या वर्षापर्यंत त्याला तेथे ठेवता येई. आठ वर्षांचे पोर एकदा आत गेले की त्याचे सबंध बालपण आत जाणार. या सुनावणीत मुलाच्या बाजूने कोणी वकील नसे, आणि त्याला काय हवे हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नसे. गुन्हेगाराला निदान आपण गुन्हा केला नाही असे म्हणता येते. हिताच्या विरुद्ध बचाव तो काय करायचा?

मेरीबाईंच्या विचारातील उणीव येथे दिसते, आणि ती सांगितल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. कायद्याच्या मागे आपल्यासारखीच माणसे उभी राहतील, असे त्यांनी धरले. मुलाला नावाने ओळखणारी, त्याच्यासाठी रात्री जागणारी माणसे. परंतु कायद्याने अधिकार निर्माण होतात, माया निर्माण होत नाही. दर मुलामागे सरकारी अनुदान मिळू लागले, शाळा मोठ्या झाल्या, आणि कित्येक ठिकाणी सुधारशाळेचा पुन्हा पार्कहर्स्ट झाला. उद्योगशाळांचा कायदा १८६८ साली आयर्लंडलाही लावण्यात आला. तेथील शाळा धार्मिक संघांच्या हाती गेल्या आणि विसाव्या शतकात दीर्घकाळ चालल्या. त्यांत न्यायालयाच्या हुकमाने पाठवलेल्या मुलांचे काय हाल झाले, मारहाण, उपासमार आणि लैंगिक अत्याचार कसे नित्याचे झाले होते, हे तेथील चौकशी आयोगाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सविस्तर नोंदले आहे. ती सारी मुले कागदोपत्री स्वतःच्या हितासाठीच तेथे होती.

मेरीबाईंना हा धोका मुळीच दिसला नाही असे मात्र नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी दिवसाच्या उद्योगशाळांचा पाठपुरावा केला. मुलाने सकाळी यावे, शिकावे, जेवावे, काम करावे आणि संध्याकाळी आपल्या घरी जावे. घर गरीब असले म्हणून ते तोडू नये, कुलपाची गरज नसेल तेथे कुलूप लावू नये, हा त्यातला अर्थ. १८७६ च्या शिक्षणविषयक कायद्यात अशा शाळांना मान्यता मिळाली. आपल्या पहिल्या मागणीची पुढची, अधिक शहाणी पायरी त्यांनी स्वतःच चढून दाखवली.

आता त्यांच्या हिंदुस्थानातील प्रवासांकडे वळू. १८६६ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्या प्रथम येथे आल्या. मुंबई, अहमदाबाद, पुणे, मद्रास, कलकत्ता असा त्यांचा प्रवास झाला. अहमदाबादेस त्या वेळी सत्येंद्रनाथ टागोर न्यायखात्यात होते. सनदी सेवेत निवडले गेलेले ते पहिले भारतीय. त्यांचे त्यांना चांगले साहाय्य झाले. मुलींच्या शाळा आहेत, पण शिकवणाऱ्या स्त्रिया नाहीत, हे पाहून स्त्रीशिक्षिका तयार करणाऱ्या शाळांची मागणी त्यांनी सरकारकडे लावून धरली. कलकत्त्यास ईश्वरचंद्र विद्यासागर त्यांच्याबरोबर उत्तरपाडा येथील मुलींची शाळा पाहायला गेले होते. परतताना विद्यासागरांची गाडी उलटली आणि त्यांना झालेली दुखापत त्यांना जन्मभर पुरली. शिक्षिकांच्या शाळेबाबत मात्र विद्यासागरांचे मत निराळे होते. प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया या नोकरीला येणार नाहीत, असे त्यांना वाटे. परदेशी पाहुणीच्या तळमळीचा मान राखूनही आपले मत सोडू नये, हा त्यांचा बाणा येथेही दिसतो.

शाळांइतकेच मेरीबाईंनी येथील तुरुंगही पाहिले. जेथे जात तेथे त्या तुरुंग दाखवण्याची विनंती करीत. कोवळी मुले पक्क्या गुन्हेगारांत मिसळलेली पाहून त्या अस्वस्थ होत. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ साली मुलांसाठी उद्योग व सुधारसंस्था निघाली होती, पण एवढ्या मोठ्या देशात अशा संस्था किती पुरणार? तुरुंगसुधारणा आणि सुधारशाळा यांविषयी त्यांनी कलकत्त्याच्या आणि लंडनच्या सरकारला वारंवार लिहिले. १८६८, १८६९ आणि १८७५ साली त्या पुन्हा आल्या. १८७० साली केशवचंद्र सेन इंग्लंडात गेले असता ब्रिस्टलमध्ये त्यांनी नॅशनल इंडियन असोसिएशन ही संस्था काढली. १८७६ साली हिंदुस्थान सरकारने सुधारशाळांचा पहिला कायदा केला.

पुढे १८९७ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पंधरा वर्षांखालील अपराधी मुलाला तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवावे, मात्र अठराव्या वर्षानंतर ठेवू नये, असे त्यात होते. आश्चर्य असे की ज्या बाईंनी मुलींसाठी रेड लॉज काढले, त्यांच्या विचारातून आलेल्या या कायद्यात मुलींचा समावेशच नव्हता! तो फक्त मुलग्यांपुरता होता. १९२४ साली मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा झाला. आपला बेळगाव जिल्हा आणि शेजारचे धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे तेव्हा त्याच इलाख्यात होते. अपराधी मुलांबरोबरच निराधार मुलेही या कायद्याच्या कक्षेत आली. १९८६ साली साऱ्या देशासाठी बालन्यायाचा कायदा झाला, २००० साली तो नव्याने झाला आणि २०१५ साली पुन्हा.

२०१५ च्या कायद्यात मेरीबाईंचे दोन्ही वारसे दिसतात. अपराधाचा आरोप असलेल्या मुलांसाठी बालन्याय मंडळ, आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बालकल्याण समिती. मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय असावा आणि मुलाचे म्हणणे ऐकले जावे, ही तत्त्वे कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. दुसरीकडे, सोळा ते अठरा वयातील मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाटही याच कायद्याने मोकळी केली. १८५४ सालच्या चौदा दिवसांमागचा विचार, म्हणजे आधी दंड आणि मग सुधारणा, अजून पुरता मेलेला नाही, हे यावरून ध्यानात येते.

जगभर न्यायालयांना या प्रश्नाने छळले आहे. अमेरिकेत १९६४ साली ॲरिझोना राज्यात पंधरा वर्षांच्या एका मुलाला, शेजारणीला अश्लील दूरध्वनी केल्याच्या आरोपावरून, वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत उद्योगशाळेत पाठवण्यात आले. प्रौढ माणसाला याच अपराधासाठी पन्नास डॉलरपर्यंत दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. गॉल्ट खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात १९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. हेतू कल्याणाचा असला तरी मुलाला आरोपाची सूचना, वकील आणि साक्षीदारांची उलटतपासणी हे हक्क नाकारता येणार नाहीत, असे त्याने ठरवले. इंग्लंडात १९८९ च्या मुलांविषयीच्या कायद्याने, स्थानिक संस्थेच्या देखरेखीखालील मुलाला कुलूपबंद निवासात ठेवण्यावर कडक अटी घातल्या. २८ दिवसांत मिळून ७२ तासांपेक्षा अधिक काळ ठेवायचे तर न्यायालयाची अनुमती हवी. तरीही अशा निवासांत जागा अपुऱ्या पडतात आणि वकील मंडळी उच्च न्यायालयाच्या त्याच जुन्या, चॅन्सरीपासून चालत आलेल्या पालकत्वाच्या अधिकाराकडे धाव घेतात. २०२१ साली पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार वापरता येतो असे मान्य केले, पण सरकारला जागा पुरवता येत नाहीत म्हणून न्यायालयाला हे करावे लागते याविषयी तीव्र चिंताही व्यक्त केली.

आपल्याकडचे एक साधे उदाहरण घेऊ. सतरा वर्षांची मुलगी मनाविरुद्धचे लग्न टाळण्यासाठी किंवा मनाजोगे लग्न करण्यासाठी घरातून निघून जाते. पोलिस तिला शोधून आणतात. ती आईबापांकडे परत जायला तयार नसते, म्हणून तिची रवानगी बालगृहात होते. तिने कोणताही गुन्हा केलेला नाही. तिला बाहेर धोका आहे, हे कदाचित खरेही असेल. तिला मोकळे सोडणे निष्काळजीपणाचे ठरेल आणि कोंडून ठेवणे अन्यायाचे. अशा वेळी पुढे बसलेल्या अधिकाऱ्याने काय करावे? हा निर्णय उद्या आपल्या महाविद्यालयातून कायद्याकडे, समाजकार्याकडे किंवा शासनसेवेकडे जाणाऱ्या कोणाच्याही हाती येऊ शकतो.

मेरीबाईंच्या चरित्रातून याचे तयार उत्तर मिळत नाही, पण उत्तर शोधण्याची रीत मिळते. प्रथम त्या मुलाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत जावे. त्याला नावाने ओळखावे. कुलपावाचून काम भागत असेल तर कुलूप लावू नये. आणि जी गोष्ट मेरीबाईंच्या काळाने शिकवली नाही, ती आपण त्यांच्यानंतरच्या अनुभवातून शिकावी. कुलूप लावावेच लागले तर त्याची मुदत ठरलेली असावी, ते का लावले याचा जाब विचारणारे कोणीतरी बाहेर असावे, आणि आतल्या मुलाचे म्हणणे विचारल्याशिवाय त्याचे हित आपल्याला समजले असे कोणी मानू नये.

१४ जून १८७७ च्या रात्री मेरी कार्पेंटर झोपेतच शांतपणे वारल्या. वय सत्तर होते. दिवसभर त्या नेहमीसारख्याच कामात होत्या. ब्रिस्टलच्या आर्नोस व्हेल या दफनभूमीत त्यांचे दफन झाले. राजा राममोहन रॉय यांची समाधीही तेथेच आहे. रेड लॉज आज संग्रहालय आहे. ज्या दारातून मुलींना बाहेर पडता येत नसे, त्या दारातून आता कोणीही आत जाऊन पुन्हा बाहेर येऊ शकतो.